थांब म्हणणारा

बोलायला बसला की समोरच्याचे कान किटवणारा माणूस तो, पण अख्खी साइट त्याला मुका म्हणायची. कारण कामाच्या आठ तासांत तो तोंडच उघडायचा नाही. सगळं हातांनी. क्रेन पंचवीस मजले उंच, तिच्या मानेशी काचेची खोली आणि त्या खोलीत क्रेन चालवणारा, ज्याला सगळे वरचा म्हणायचे. "देवाशी माझं भांडण नाही, पण वरचा मीच," असं तो स्वतःच सांगायचा. ह्या वरच्याला खालचं धड निम्मंही दिसत नाही. कधी खांब मध्ये येतो, कधी जाळी, कधी ऊन डोळ्यांवर येतं. मग तो माल उचलतो, फिरवतो, ठेवतो ते खालच्या माणसाच्या हाताकडं बघून. तो खालचा माणूस म्हणजे मुका. पिवळं जॅकेट, लाल हातमोजे, कमरेला वॉकीटॉकी, फक्त ऐकायला.

बोट वर करून फिरवलं की माल वर. बोट खाली करून फिरवलं की खाली. हात आडवा ताणला की थांब. आणि एक नियम, जो मुका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी घोटून घोटून शिकवायचा. वर आणि खाली फक्त मुक्याचं ऐकायचं, पण थांब मात्र कुणाचाही ऐकायचा. चहावाल्याचा ऐकायचा, साहेबाच्या पाहुण्याचा ऐकायचा, जांभई देताना कुणी हात ताणला तर त्याचाही ऐकायचा. आधी थांबायचं, मग शिव्या घालायच्या.

"थांबल्यानं कुणी मेलेलं मी बघितलं नाही," असं तो म्हणायचा. बारा वर्षं हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यात काही खोटं असेल असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. त्याला तर नाहीच नाही.

मुका राहायचा बहिणीकडं. बॅटरीच्या दुकानावर दोन खोल्या, जिना लोखंडी, पावलापावलाला वाजणारा. ताई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. दाजी लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. आणि त्यांची एकुलती एक लेक, सात वर्षांची, जिला सगळं घर म्हातारी म्हणायचं. कारण बोलणं तसं. "मामा, पाय पुसून ये, आत्ता झाडलंय मी." "आई, तुला हज्जारदा सांगितलं, पंख्याखाली केस वाळवू नकोस." एवढीशी, हातापायांच्या काड्या, आणि तोंड बघितलं तर घर चालवणाऱ्या बाईचं.

ही पोर जन्मल्यापासून आजारी. तीन आठवड्यांची असताना जुलाब लागले ते थांबेचनात. अंगावर चट्टे उठले, मानेत गाठी आल्या, छातीत सारखा कफ. चार वर्षं ताई तिला कडेवर घेऊन दवाखाने पालथे घालत होती आणि बहुतेक ठिकाणी एकच ऐकायची, पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे. मग ताकदीची औषधं, पावडरी, गोड गोड बाटल्या. पोर अजूनच वाळायची. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी रक्त लांब कुठंतरी तपासायला पाठवलं, दोन महिन्यांनी कागद आला, आणि त्यांनी ताईला आणि मुक्याला समोर बसवून सांगितलं, की कमी नाही, उलटं आहे.

बाई समजावून सांगायच्या. घाई नसायची त्यांना. म्हणाल्या, "शरीरात लढणाऱ्या पेशी असतात. जंतू आला की तुटून पडतात. पण त्यांच्यातच काही पेशी अशा असतात, ज्यांचं काम लढायचं नाही. लढणाऱ्यांना आवरायचं. बास झालं, हे आपलंच आतडं आहे, हे आपलंच फुप्फुस आहे, मागं फिरा, असं सांगायचं. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात."

"थांब म्हणणाऱ्या," मुका म्हणाला.

"थांब म्हणणाऱ्या. आता गंमत अशी, की ह्या पेशी आपल्या आपण जाग्या राहत नाहीत. लढणाऱ्या पेशी पेटल्या की त्या एक रस सोडतात, इंटरल्यूकिन-टू. तो आवरणाऱ्या पेशींसाठी निरोप असतो, की इकडं गडबड चालू आहे, या. त्यांच्या अंगावर तो निरोप पकडायला कान असतात. निरोप कानात पडला, की आत एकजण दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत तो पेशीच्या पार मध्यापर्यंत जातो. मग पेशीला आपलं काम आठवत राहतं. रोज निरोप, रोज आठवण. निरोप नाही आला, तर त्या काम विसरतात, मरूनही जातात."

"मग हिच्या?"

"हिच्या पेशींना कान नाहीत. तुमच्या बहिणीच्या आणि दाजींच्या, दोघांच्याही अंगात त्या कानाची एकेक प्रत बिघडलेली होती. हिच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या."

मुका ताईला म्हणाला, "म्हणजे आपल्या म्हातारीच्या अंगात माझ्यासारखा माणूस उभा आहे. पण वॉकीटॉकी नाही त्याच्याकडं. आणि वरचा सुसाट."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मी पुढच्या पेशंटला सांगेन. चालेल ना?"

त्या दिवसापासून सिरोलिमस सुरू झालं. पिवळट, तेलकट औषध, फ्रिजमध्ये ठेवायचं, रोज सकाळी आठला सिरिंजनं मोजून दीड मिली, ग्लासात पाण्यात कालवून. ते लढणाऱ्या पेशींच्या आतला निरोप मध्येच अडवतं, त्यांना वेग घेऊ देत नाही. कान काही येत नाहीत त्यानं, पण गाडी हळू तरी चालते. आणि पोर खरंच सुधारली. दोन वर्षं शाळेत गेली. वर्गातल्या मुलांना शिस्त लावायला लागली. बाई म्हणाल्या, हे टेकू आहे, इलाज नाही. इलाज म्हणजे दुसऱ्याची अस्थिमज्जा, हाडांतला मगज, जिच्यातून कान असलेल्या पेशी तयार होतील. मुक्यानं धावत जाऊन रक्त दिलं, जुळलं नाही. ताईचं, दाजींचं निम्मं जुळलं. मग कुठल्यातरी यादीतून एक अनोळखी बाई सापडली, पूर्ण जुळणारी. तारीख मिळाली. ताईनं कॅलेंडरवर त्या चौकोनात काहीच लिहिलं नाही, नजर लागेल म्हणून. नुसतं एक टिंब दिलं.

तारखेला सहा आठवडे उरले आणि शनिवारी दुपारी म्हातारीला ताप भरला. एकशे दोन.

डॉक्टरीणबाईंचा नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. त्याखाली त्यांच्याच अक्षरात, ताप आल्यास लगेच फोन. ताईनं फोन हातात घेतलाही. मुका नुकताच साइटवरून आला होता, बुटांवर सिमेंट तसंच.

"थांब," तो म्हणाला.

"का?"

"फोन केलास तर काय म्हणतील? अंगात ताप आहे, तारीख पुढं ढकलू. ती मज्जा देणारी बाई काय आपल्यासाठी बसून राहणार आहे? तिचा विचार बदलला म्हणजे?"

ताईनं फोन खाली ठेवला नाही, पण नंबरही लावला नाही.

मुक्यानं फ्रिजमधून बाटलीचा खोका काढला. त्यावरची ओळ त्यानं शंभरदा वाचली होती, पण त्या दिवशी ती त्याला वेगळीच दिसली. रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध. अंगात जंतू घुसलाय आणि आपण प्रतिकारशक्ती दाबतोय. त्याला साइट दिसली. माल हेलकावे खातोय, वारा सुटलाय, काय चुकलंय ते कळत नाहीये. अशा वेळी काय करायचं, ह्यावर बारा वर्षांत त्याच्या मनात एकदाही दोन विचार आले नव्हते.

"दोन दिवस हे बंद ठेव," तो म्हणाला. "काही कळत नसेल तर थांबायचं. ताप गेला की परत चालू. थांबल्यानं कुणी मरत नाही, ताई."

दहा टनांचं लोखंड ह्या माणसाच्या हातानं थांबतं, हे ताई डोळ्यांनी बघून आली होती. तिनं ऐकलं.

दोन दिवसांत ताप उतरला. साधाच असणार, आल्या वाटेनं गेला. पण घरानं तो हिशेब वेगळा धरला. त्यात भरीस भर म्हणजे म्हातारी जेवायला लागली. दोन अंडी मागितली. गालावर रंग आला. जिन्यात उभी राहून खालच्या बॅटरीवाल्याला ओरडली, की ॲसिडचा वास येतोय, झाकणं लावा. मुक्याची छाती दोन इंच फुगली.

"बघ," तो ताईला म्हणाला, "औषधानंच दबली होती पोर. आता ऑपरेशनपर्यंत जरा ताकद येऊ दे."

"बाईंना विचारू या का?"

"विचारू की. बावीस तारखेला जायचंच आहे तपासायला. दाखवूच त्यांना कशी झालीये ती."

असे अकरा दिवस गेले. आणि ह्या अकरा दिवसांत आत काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं. मुक्यानं थांबवलेलं औषध हाच त्या पोरीच्या अंगात आडवा धरलेला एकमेव हात होता. थांब म्हणणाऱ्यालाच त्यानं थांबवलं होतं. जगात सगळ्यांना थांब ही एकच गोष्ट वाटते. थांबवायचं थांबवणं म्हणजे काय, हा प्रश्न क्रेनखाली कधी येत नाही. तो मुक्यापुढं पहिल्यांदा आला आणि आला तेव्हा ओळखूही आला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी संडासातून म्हातारीनं हाक मारली. आवाज नेहमीचाच, कामवालीला बोलावल्यासारखा. "आई, इकडं ये. आणि घाबरू नकोस." ताई गेली. भांडं लाल झालं होतं.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत चट्टे उठले होते. संध्याकाळपर्यंत रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी संपत आल्या. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. लढणाऱ्या पेशी आतड्यात शिरल्या होत्या, रक्तात शिरल्या होत्या आणि आता फुप्फुसांत दाटल्या होत्या, आणि त्यांना परत बोलावणारं कुणी नव्हतं. पोरीला काचेच्या खोलीत नेलं, नाकातोंडात नळी घातली.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "औषध चालू आहे ना?" रक्तात औषधाचा मागमूस नव्हता, म्हणजे त्यांना उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

"मी बंद केलं," मुका म्हणाला. "ताप होता. मला वाटलं, थांबलेलं बरं."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तापात ते थांबवायचं का नाही, हे ठरवायला मी होते. कधी कधी मीही थांबवते. एक दिवस, दोन दिवस, पोर डोळ्यांसमोर ठेवून. तुम्ही फोन का नाही केलात?"

"तारीख जाईल म्हणून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तारीख आठवडाभर पुढं गेली असती," त्या म्हणाल्या.

दाजी चौथ्या दिवशी पोचले. माल अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या ताब्यात देऊन, सलग चालवत आले होते. बाकावर बसले नाहीत, उभ्यानंच विचारलं, "औषध कुणी बंद केलं?"

"मी," ताई म्हणाली.

"मी," मुका म्हणाला.

दाजींनी एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "दोघंही पुढं आलात. वा," ते म्हणाले. "तेव्हा एकजण जरी मागं राहिला असता तर." मग जिन्यात जाऊन बसले ते दोन तास आले नाहीत. मुका त्यांच्यासाठी चहा घेऊन गेला. दाजींनी तो घेतला, पायरीवर ठेवला. तो तिथंच गार झाला.

ताई मुक्याला काही बोलली नाही, आणि तेच त्याच्या जिवाला खात होतं. बोलायची ती कामापुरतं. टॉवेल आण. फॉर्मवर सही कर. डबा धू. एकदा त्यानं विषय काढला, "ताई, तू मला काहीतरी म्हण." ती म्हणाली, "तुला म्हणायचं तर आधी मला म्हणावं लागेल. सिरिंज माझ्या हातात होती. तू तर नुसता हात दाखवलास." आणि डबा त्याच्या हातात दिला.

वीस दिवसांनी नळी निघाली. औषध चालू होतं, सोबत आणखी चार औषधं, आणि आत पेटलेलं विझत आलं होतं. मुक्याला वाटलं, सुटलो. बाईंनी तिघांना आत बोलावलं आणि फुप्फुसांचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. पांढरे पांढरे पट्टे. जिथं लढाई झाली तिथं व्रण राहिले होते, आणि व्रणातून हवा जात नाही.

"मज्जा बदलायच्या आधी फार जहाल औषधं द्यावी लागतात," बाई म्हणाल्या. "जुनी मज्जा संपवायला. हे फुप्फुस ती सोसणार नाही. त्या औषधांतच जाईल ती."

"मग थोडं थांबून?" दाजी म्हणाले. "सहा महिन्यांनी?"

"व्रण भरत नाहीत. वाढू नयेत एवढंच बघायचं."

"माझं रक्त परत तपासा," मुका म्हणाला.

"ते बदलत नाही," बाई म्हणाल्या, आणि मग हलक्या आवाजात, "आणि आता प्रश्न रक्ताचा नाहीये."

ती अनोळखी बाई, जी मज्जा देणार होती, तिला हॉस्पिटलानं कळवलं. असंही कळलं, की तिनं विचारलं, माझ्याकडून काही चुकलं का. हे ऐकून ताई पहिल्यांदा रडली.

मुका कामावर परत गेला. जाणं भाग होतं. पहिल्या आठवड्यात एके दिवशी लोखंडी सळ्यांचा भारा वर जात होता आणि भाऱ्याला बांधलेला पट्टा एका बाजूला सरकताना त्याला दिसला. हात आडवा करायचा. इतकंच. बारा वर्षं जे झोपेतही झालं असतं ते करायला त्याचा हात उठला, खांद्याच्या खाली अडला आणि तिथंच राहिला. थांबवावं का? थांबवल्यानं आणखी काही बिघडलं तर? भारा कलला. सगळे ओरडले. पत्रे ठोकणाऱ्या एकानं दोन्ही हात आडवे फेकले आणि वरच्यानं क्रेन रोखली. दोन सळ्या सुटून रिकाम्या जागेत पडल्या. कुणाला लागलं नाही.

वरचा खाली आला. तो कामाच्या मध्ये कधी खाली येत नसे, पंचवीस मजल्यांच्या शिड्या उतरायला तेवढं कारण लागायचं.

"काय झालं रे?"

"हात उठला नाही."

वरच्याला घरचं सगळं माहीत होतं. "सुट्टी घे," तो म्हणाला.

"सुट्टीनं नाही उठणार तो."

"मग?"

"तुझ्यासाठी दुसरा माणूस बघ. माझ्या हातावर तू बसू नकोस वर."

शिव्या आठवल्या असतील वरच्याला, पण दिली एकही नाही. मुक्याला पट्टे बांधायच्या कामावर घेतलं. पट्टे बांधणाऱ्याला इशारा द्यावा लागत नाही, गाठ घट्ट आहे का एवढंच बघायचं. मुका म्हणायला आता कुणाला कारण उरलं नव्हतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं, आणि आता तर तो बोलेनासाही झाला होता.

म्हातारी घरी आली ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. यंत्र भिंतीपाशी, नळी लांब, स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पुरणारी. शाळा सुटली. जिना तिच्यासाठी संपला. ती खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायची, पण मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबायची, आणि वाक्य अर्ध्यात राहून गेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. किती दिवस, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. दाजींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ह्या वर्षाचं बोलू." वर्षाचे चार महिने उरले होते.

सकाळचं औषध मुका द्यायचा. ताईनं ते त्याच्यावर सोपवलं. पहिल्या दिवशी नुसती सिरिंज त्याच्या ताटाशेजारी ठेवली. ती शिक्षा होती का विश्वास होता, हे त्यानं विचारलं नाही. कामाची पाळी त्यानं नऊची करून घेतली.

एकदा तो सिरिंज भरत असताना म्हातारी खिडकीतून वळली.

"मामा, ते दुसऱ्या बाईंचं माझ्यात घालणार होते, ते आता नाही ना होणार?"

ताई न्हाणीत होती. दाजी बाहेरगावी. मुक्याला खोटं बोलता आलं असतं. पण समोरच्याला चुकीचा इशारा द्यायची सवय त्याला कधी नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"मग हे कशाला प्यायचं? घाण लागतं."

"आत जे सुटतं ना, ते आवरून धरतं."

"आवरून धरलं की मी बरी होते?"

"नाही."

तिनं नळी नाकाशी सारखी केली. "मग नाही प्यायलं तर चालेल."

"नाही प्यायलं तर काय होतं ते बघितलंय आपण."

"आपण नाही," ती म्हणाली. श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "आपण नाही. मी बघितलंय. तू काचेच्या बाहेर होतास."

मुक्यानं सिरिंज उजेडात धरली, बुडबुडा वर आला तो घालवला, दीडच्या रेषेवर आणलं, ग्लासातल्या पाण्यात सोडलं आणि चमच्यानं ढवळत राहिला, लागतं त्याहून बराच जास्त वेळ.

"पुरे झालं ते ढवळणं," ती म्हणाली. "आण इकडं."